विनोदी हेरपट

हेरगिरीच्या साहसकथेस हास्यरसाची जोड देणारा चित्रपटप्रकार. पाठलाग, गुप्त कागदपत्रे, वेषांतर, परदेशी नगरे, जिवावरचे प्रसंग ही हेरपटाची नेहमीची सामग्री त्यात असतेच. बदलते ती तिच्याकडे पाहण्याची दृष्टी. हेरपटाचे विडंबन, असा या प्रकाराचा अर्थ करण्याचा प्रघात आहे. परंतु तो अपुरा आहे. यातील चांगल्या चित्रपटांत धोका खोटा नसतो. पिस्तुलात गोळी असते व ती सुटूही शकते. हसू येते ते, ज्याच्यावर पिस्तूल रोखलेले असते तो माणूस भलताच असल्यामुळे.

गुप्तहेर खाते संशयावर चालते. तेथे कोणतीही गोष्ट केवळ दिसते तेवढीच असू शकत नाही. विसरलेल्या छत्रीला, चुकलेल्या गाडीला, साध्या शिंकेलाही तेथे अर्थ चिकटविला जातो. अशा यंत्रणेच्या तावडीत निरपराध मनुष्य सापडला, की तो जितके खरे बोलेल तितका अधिक धूर्त ठरतो. प्रेक्षकाला वस्तुस्थिती ठाऊक असते, पात्रांना नसते. रहस्यपटातील ताण याच तफावतीतून निर्माण होतो आणि हास्यही याच तफावतीतून. त्यामुळे हे दोन रस एकमेकांना मारक न ठरता पोषक ठरतात.

ॲल्फ्रेड हिचकॉक या ब्रिटिश दिग्दर्शकाने हे नाते प्रथम समर्थपणे हाताळले. जॉन बकनच्या १९१५ मधील कादंबरीवरून त्याने काढलेल्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ (१९३५) या चित्रपटात पोलीस व हेर या दोघांपासूनही पळणारा नायक एका सभागृहात शिरतो. तेथे लोक त्यालाच वक्ता समजतात आणि त्याला भाषण ठोकावे लागते. पुढे तो व त्याच्यावर विश्वास नसलेली एक तरुणी एकाच हातकडीत जखडले जातात. ही तरुणी मूळ कादंबरीत नाही. ‘द लेडी व्हॅनिशिस’ (१९३८) मध्ये आगगाडीतून एक वृद्ध स्त्री नाहीशी होते. दोन इंग्रज प्रवाशांना मात्र क्रिकेटचा कसोटी सामना चुकण्याची धास्ती असते. गाडीला उशीर होऊ नये, म्हणून ते त्या स्त्रीला पाहिल्याचे कबूलच करीत नाहीत. प्रसंग विनोदी आहे, पण त्यांच्या मौनामुळे त्या स्त्रीचे प्राण संकटात सापडतात. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मध्ये जाहिरात व्यवसायातील एका गृहस्थास शत्रुपक्ष अस्तित्वातच नसलेला हेर समजतो. लिलावगृहात मारेकऱ्यांनी वाटा अडविल्यावर तो मुद्दाम मूर्खासारख्या बोली लावून पोलिसांकरवी स्वतःला बाहेर काढवून घेतो.

वास्तवही या कल्पनेच्या फारसे मागे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ह्वान पुजोल हा स्पॅनिश गृहस्थ लिस्बनमध्ये राहून, आपण इंग्लंडमध्येच आहोत असे भासवीत जर्मनांना बातम्या पाठवीत असे. प्रवासी मार्गदर्शिकेसारख्या उघड पुस्तकांवर त्याची भिस्त होती. ग्लासगोचे लोक लिटरभर वाइनसाठी काहीही करतील, असेही त्याने कळविले. त्या शहराच्या पेयाभिरुचीविषयीचे हे अज्ञान जर्मनांच्या ध्यानात आले नाही. १९४२ मध्ये ब्रिटिशांनी त्याला लंडनला आणले. त्याच्या काल्पनिक हस्तकांची संख्या पुढे सत्तावीसवर गेली आणि १९४४ च्या नॉर्मंडीवरील चढाईच्या वेळी शत्रूची दिशाभूल करण्यात या जाळ्याचा मोठा वाटा होता.

त्या काळात ब्रिटिश गुप्तहेर खात्यात पोर्तुगालविषयीचे काम पाहणाऱ्या ग्रेअम ग्रीन या कादंबरीकाराला, तेथील काही जर्मन हेर असेच बनावट अहवाल पाठवितात, हे माहीत होते. त्यातून स्फुरलेल्या कादंबरीवर (१९५८) कॅरल रीडने ‘अवर मॅन इन हॅव्हाना’ (१९५९) हा चित्रपट काढला. क्यूबातील क्रांतीनंतर काही महिन्यांतच त्याचे चित्रीकरण हॅव्हानात झाले. ॲलेक गिनेसने रंगविलेला वर्मोल्ड हा व्हॅक्यूम क्लीनरचा विक्रेता मुलीच्या खर्चासाठी हेराची नोकरी पतकरतो, हस्तक कल्पनेने निर्माण करतो आणि आपल्याच यंत्राच्या भागांची चित्रे डोंगरातील प्रचंड शस्त्रास्त्रे म्हणून लंडनला धाडतो. तेथील वरिष्ठ ती गंभीरपणे पाहतात. इथवर सारा प्रहसनाचा मामला आहे. परंतु शत्रुपक्षही त्या अहवालांवर विश्वास ठेवतो आणि वर्मोल्डचा मित्र, वृद्ध डॉ. हॅसेलबाखर, प्राणास मुकतो. त्यानंतर प्रेक्षकाला पूर्वीसारखे हसता येत नाही. सत्य उघडकीस आल्यावर खाते स्वतःचे हसे होऊ नये म्हणून वर्मोल्डला शिक्षा न करता सन्मानित करते. या प्रकारातील उपहासाचा हा कळस म्हणावा लागेल. १९६२ मध्ये क्यूबात खरोखरच क्षेपणास्त्रांचे तळ सापडले, हा योगायोग ग्रीनलाही सुचला नसता.

‘डॉ. नो’ (१९६२) पासून जेम्स बाँडचे चित्रपट लोकप्रिय झाले. त्यांतही विनोद आहे. तो मुख्यतः सरकारी कचेरीचा आहे. ‘गोल्डफिंगर’ (१९६४) मध्ये प्रवाशाला छतातून बाहेर फेकणाऱ्या मोटारीची माहिती साधनविभागाचा प्रमुख अत्यंत रुक्षपणे देतो. दिलेली साधने धडपणे परत यावीत, एवढीच त्याची चिंता असते. या लाटेवर विडंबनांचे पीक आले. मेल ब्रुक्स व बक हेन्‍री यांनी निर्मिलेली ‘गेट स्मार्ट’ (१९६५–७०) ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका त्यांत सरस आहे. तिच्यातील गुप्त संभाषणासाठीच्या घुमटात बसलेल्यांना एकमेकांचे बोलणेच ऐकू येत नाही. उलट, पाच दिग्दर्शकांची नावे मिरविणारा ‘कसिनो रॉयल’ (१९६७) हा खर्चिक चित्रपट विस्कळीत ठरला. त्यात सारेच थट्टेचे असल्यामुळे कोणाच्याही जिवाची काळजी वाटत नाही, आणि काळजी नसल्यामुळे हसूही तुटक येते.

फ्रान्समध्ये ईव्ह रोबेरचा ‘एका पायात काळा बूट घातलेला उंच, सोनेरी केसांचा माणूस’ (१९७२) या अर्थाच्या शीर्षकाचा चित्रपट विशेष उल्लेखनीय होय. फ्रांसीस व्हेबर हा त्याचा सहलेखक. हेरखात्याचा प्रमुख आपल्या महत्त्वाकांक्षी दुय्यम अधिकाऱ्यास फसविण्यासाठी विमानतळावरून कोणताही एक माणूस निवडावयास सांगतो. दोन्ही पायांत वेगवेगळ्या रंगांचे बूट घातलेला एक व्हायोलिनवादक निवडला जातो. त्याच्या घरात ध्वनिग्राहक बसविले जातात आणि त्याच्या प्रत्येक वेंधळेपणाचा अर्थ लावताना तज्ञ थकतात. शेवटी हेर एकमेकांना ठार करतात. ज्याच्यावरून हे घडले त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पिएर रीशारचा अभिनय येथे निर्णायक ठरला आहे. आपण विनोद करीत आहोत, याची पुसट जाणीवही तो चेहऱ्यावर उमटू देत नाही. १९८५ मध्ये हॉलिवुडने या कथेची पुनर्निर्मिती केली.

शीतयुद्ध संपल्यावर या प्रकाराचे लक्ष्य बदलले. ‘ऑस्टिन पॉवर्स’ (१९९७) मध्ये १९६० नंतरच्या दशकातील हेर गोठलेल्या अवस्थेतून नव्या काळात येतो व त्याची सगळी ऐट कालबाह्य ठरते. मीशेल आझानाव्हिस्यूसच्या ‘ओएसएस ११७’ या २००६ मधील चित्रपटात १९५५ च्या कैरोत वावरणारा फ्रेंच हेर पहाटेची अजान झोपमोड करते म्हणून ती बंद पाडतो आणि त्यातून उठलेल्या क्षोभाचे कारण त्याला उमगत नाही. येथे हास्यास्पद ठरतो तो नायकाचा वसाहतवादी अहंकार. पॉल फीगच्या ‘स्पाय’ (२०१५) मध्ये कार्यालयात बसून इतरांना वाट दाखविणारी स्त्री-कर्मचारी प्रत्यक्ष मोहिमेवर जाते. तिला साधने मिळतात ती मूळव्याधीच्या व बुरशीच्या औषधांच्या रूपात, आणि वेषांतरे मिळतात ती एकाकी प्रौढेची. खाते तिला कसे पाहते, हे त्यावरून कळते. मारामारीत मात्र ती पुरुष सहकाऱ्यांना भारी ठरते.