तापल्या लोखंडावरचा लेप

कल्हईवाला आपल्या परिचयाचा आहे. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून तो आतून कथिलाचा हात फिरवतो. पण कथील २३२ अंशांवरच वितळते; ज्या लोखंडाला तासन्‌तास लाल होऊन राहावयाचे, त्याला ही कल्हई काय कामाची? तेथे ॲल्युमिनियम लागते. मी धातुशास्त्राचा पदवीधर नव्हे. भट्टीवरच्या कामगारांत वावरताना ही गोष्ट प्रथम कानी आली, आणि मग ग्रंथांतून तिचा माग काढला.

लोखंड तापले की त्यावर पापुद्रा धरतो, तो सुटतो, खाली पुन्हा नवा धरतो. असे ते झिजत जाते. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा पापुद्रा येतो, परंतु तो इतका घट्ट बसतो की हवेला आत शिरावयास वाट मिळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने याच गुणाचा आश्रय केला. युंकर्स कंपनीत आन्सेल्म फ्रांत्स जेट इंजिन घडवीत होते. इंग्रजांपाशी निकेल होते, त्यांनी निमोनिक हा मिश्रधातू केला. जर्मनीत निकेल आणि क्रोमियम, दोहोंचाही दुष्काळ. तेव्हा ‘युमो ००४ बी’ इंजिनाचे ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे करून त्यांवर ॲल्युमिनियमचा लेप चढविण्यात आला. इंजिन चालले, मात्र सामान्यतः १० ते २५ तासांत त्याचे आयुष्य संपे.

अभियंते ही हकीकत कौतुकाने सांगतात, आणि कौतुक रास्तच आहे. पण माझा धंदा कामगारांचा. इतक्या लवकर बाद होणारी इंजिने हजारोंनी करावयाची, तर ती केली कोणी?

नॉर्डहाउजेनजवळ कोनश्टाइन डोंगराच्या पोटात बोगदे आहेत. १९४४ साली त्यांचा उत्तरेकडील भाग युंकर्सला इंजिनांसाठी मिळाला. तेथे परदेशांतून सक्तीने आणलेले मजूर राबत. त्यांच्याआधी ते बोगदे कारखान्याजोगे केले डोरा छळछावणीच्या कैद्यांनी. १९४३ च्या हिवाळ्यात हे कैदी सुरुंगांच्या धुळीत काम करीत आणि तेथेच निजत. त्या छावणीतून सुमारे ६०,००० माणसे गेली; त्यांतील सुमारे २०,००० मेली.

लेपाचे तत्त्व टिकले. आजच्या जेट इंजिनांतील निकेल-मिश्रधातूच्या पात्यांवरही ॲल्युमिनियमयुक्त थर देतात. फ्रांत्स युद्धानंतर अमेरिकेत गेले आणि लायकमिंग कंपनीत हेलिकॉप्टरांची इंजिने घडवू लागले. ११ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैनिक नॉर्डहाउजेनला पोचले, तेव्हा डोराचे बहुतेक कैदी आधीच दुसऱ्या छावण्यांकडे हाकलले गेले होते.