पाण्यावरचा पापुद्रा: अब्री कागदापासून नखांवरच्या नक्षीपर्यंत

वाटीभर पाण्यात नेलपॉलिशच्या दोन-तीन रंगांचे थेंब एकाच जागी एकामागून एक सोडायचे, ते पसरून एकात एक अशी वर्तुळे झाली की त्यांतून टूथपिकचे टोक ओढून नक्षी काढायची आणि बोट बुडवून ती नक्षी नखावर उचलून घ्यायची, या रीतीला ‘वॉटर मार्बल’ म्हणतात. द्रवाच्या पृष्ठावर रंग तरंगवून त्याची आकृती दुसऱ्या वस्तूवर उतरवण्याची जी कला मार्बलिंग या नावाने ओळखली जाते, तिची ही सर्वांत धाकटी शाखा होय. या कलेच्या प्रत्येक प्रकारात तीन गोष्टी लागतात: रंगाला बुडू न देणारे पृष्ठ, त्या पृष्ठावर रंगाला पसरायला लावणारे द्रव्य आणि नक्षी टिपून घेणारी वस्तू. या तीन गोष्टी कोणत्या काळात कोणी आणि कशातून मिळवल्या, हे पाहत गेले की जपानी कवितासंग्रहाच्या पानापासून आजच्या स्वयंपाकघरातील वाटीपर्यंतचा धागा सलग दिसू लागतो.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करावा लागतो. महाराष्ट्रात पाण्यावर कोळशाची वस्त्रगाळ पूड पसरून तिच्यावर रांगोळी काढतात, आणि उदयपूरच्या जलसांझीत कागदी साचे धरून कोरडे रंग पाण्यावर चाळले जातात. या दोन्ही कलांत चित्र पाण्यावरच राहते आणि पाण्याबरोबरच विसर्जित होते. मार्बलिंगमध्ये मात्र पाणी हे केवळ मधले ठिकाण असते. चित्र तेथे घडते, पण राहते दुसरीकडे.

हे उतरवून घेणे जपानमध्ये नऊशे वर्षांपूर्वी प्रौढावस्थेला पोचले होते. क्योटो येथील निशी होंगान्जी या मंदिरात जपलेल्या, छत्तीस कवींच्या रचनांच्या सुमारे १११२ सालच्या हस्तलिखित संग्रहात ‘सुमीनागाशी’ पद्धतीने रंगवलेले कागद आहेत. ‘सुमी’ म्हणजे काजळीची शाई आणि ‘नागाशी’ म्हणजे वाहू देणे. साध्या पाण्यावर एका कुंचल्याने शाई आणि दुसऱ्याने शाईला दूर सारणारे द्रव्य आळीपाळीने टेकवत गेल्यावर झाडाच्या खोडातील कड्यांसारखी वलये उमटतात, आणि फुंकर घालून किंवा हलकी हवा देऊन ती वाकवली जातात. पाण्यात काहीही न मिसळता केलेली ही रचना आजच्या नखांवरील पद्धतीला सर्वांत जवळची आहे. तिची मर्यादाही त्यातच आहे, कारण साधे पाणी स्थिर राहत नाही आणि त्यावर रेखीव आकृती फार वेळ धरून ठेवता येत नाही.

इराण, तुर्कस्तान आणि भारत या पट्ट्यात जी पद्धत वाढली, तिने या चंचलपणावर उपाय शोधला. फारसीत तिला ‘अब्री’ म्हणजे ढगाळ असे नाव होते. त्यातील ‘अब्र’ हा शब्द संस्कृतातील आणि मराठीतील ‘अभ्र’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. तुर्की भाषेत तीच कला ‘एब्रू’ झाली. येथे पाणी साधे न ठेवता डिंकाने किंवा वनस्पतींच्या चिकाने दाट केले जाते. तुर्की कारागीर त्यासाठी ‘कित्रे’ नावाचा डिंक वापरत आले, तर मेथीदाणे भिजवून मिळणारा बुळबुळीत रसही या कामाला चालतो. दाट पाण्यावर रंग जागचा हलत नाही. तो पसरावा म्हणून त्यात बैलाचे पित्त अगदी बेताने घालतात: ज्या रंगात पित्त अधिक तो रंग अधिक पसरतो आणि आधीच्या रंगांना बाजूला दाबतो. गुलाबाच्या काडीला घोड्याचे केस बांधून केलेल्या कुंचल्याने रंग शिंपडणे, सुईने किंवा फणीने ओढणे आणि वरून कागद टेकवून उचलणे हा क्रम आजही तसाच आहे, आणि २०१४ साली युनेस्कोने तुर्की एब्रूचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

या कलेच्या इतिहासात दख्खनला जे स्थान आहे, त्याची जाणीव मराठी वाचकांत असायला हवी तितकी नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात विजापूरच्या आदिलशाहीत, म्हणजे ज्या राज्याचा अंमल दक्षिण महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होता आणि ज्याच्या चाकरीत शहाजीराजे होते त्या राज्यात, चित्रकारांनी अब्रीला पुस्तकाच्या हाशियातून बाहेर काढून थेट चित्राच्या गाभ्यात आणले. अन्यत्र तरंगत्या रंगाची नक्षी बहुधा सुलेखनाच्या पार्श्वभूमीसाठी वा कडेच्या पट्टीसाठी वापरली जात असता, विजापुरी चित्रकारांनी त्या नक्षीतूनच माणसे आणि जनावरे घडवली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सुमारे १६२५ सालचे, हाडांचा सापळा झालेल्या घोड्याचे आणि त्याच्या स्वाराचे असे एक चित्र आहे. अशा चित्रांत अंगावर उमटलेले रंगांचे ओघळ आणि वळणे पाहताना कातडीखालच्या शिरा आणि फासळ्याच दिसत असल्याचा भास होतो, आणि हा भास रेघ ओढून साधता आला नसता. कलाप्रेमी म्हणून ख्यात असलेल्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (कारकीर्द १५८० ते १६२७) दरबाराचे हे वातावरण होते.

या चित्रांमागील युक्ती विशेष लक्ष देण्याजोगी आहे. कागद पाण्यावर टेकवला की तो सगळाच रंगणार. मग घोडाच तेवढा रंगावा आणि भोवतालची जागा कोरी राहावी, यासाठी कोऱ्या ठेवायच्या भागावर कापलेल्या कागदाचा साचा धरावा लागे किंवा रंग बसू न देणारा डिंक लावावा लागे. आज नखाभोवतीच्या कातडीला चिकटपट्टी लावून किंवा पातळ रबरासारखा थर देऊन बोट बुडवणारी मुलगी नेमका हाच प्रश्न सोडवत असते: रंग सर्वत्र येणार आहे, तो कोठे बसू द्यायचा नाही हे आधी ठरवले पाहिजे. दोन्हींत साधने निराळी असली तरी विचार एकच आहे.

नखांवरील नक्षीचे आकार मात्र दख्खनपेक्षा इस्तंबूलचे अधिक ऋणी आहेत. तेथील आयासोफ्या मशिदीचा खतीब, म्हणजे शुक्रवारचे प्रवचन देणारा, मेहमद एफेंदी (मृत्यू १७७३) याने एका थेंबाच्या मधोमध दुसरा आणि दुसऱ्याच्या मधोमध तिसरा असे थेंब सोडून, त्यांतून सुई निरनिराळ्या दिशांनी ओढून बदाम, तारा आणि पाकळ्या यांसारखे आकार काढण्याची रीत रुजवली, आणि ती आजही ‘हातिप एब्रू’ या नावाने त्याचीच आठवण ठेवते. विसाव्या शतकात नज्मुद्दीन ओक्याय (१८८३ ते १९७६) यांनी याच वाटेने जाऊन ट्यूलिप आणि इतर ओळखू येणारी फुले पाण्यावर काढली. एकात एक वर्तुळे आणि त्यांना छेदणारी सुई ही घडण ज्याने पाहिली आहे, त्याला वाटीतली नेलपॉलिशची नक्षी परकी वाटणार नाही. नख इतके लहान असते की त्यावर हातिपचा एक बदाम जेमतेम मावतो, पण तो बदाम तोच असतो.

युरोपात ही कला प्रवाशांनी नेली. फ्रान्सिस बेकनच्या १६२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिल्वा सिल्वारम’ या ग्रंथात तुर्कांच्या या कागदाचे वर्णन आहे, आणि पुढच्या दोन शतकांत पुस्तकांची अस्तरे आणि हिशेबाच्या वह्यांच्या कडा मार्बलने रंगू लागल्या. वहीच्या कडेला अशी सलग नक्षी असली की एखादे पान फाडले तर नक्षी तुटते आणि लबाडी उघड होते. एकदा उमटलेली आकृती पुन्हा तशीच उमटत नाही, हा या कलेचा गुण व्यवहाराला असा उपयोगी पडला. १७७५ साली अमेरिकेतील बंडखोर वसाहतींनी काढलेल्या वीस डॉलरच्या नोटेसाठी बेंजामिन फ्रँकलिनने कडेला मार्बल केलेला कागद वापरला, तोही बनावट नोटांना अडसर म्हणूनच. लॉरेन्स स्टर्नने तर ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या कादंबरीच्या १७६१ सालच्या तिसऱ्या खंडात असे एक पान घातले की जे प्रत्येक प्रतीत वेगळे होते.

या युरोपीय पर्वात कारागीर आपली कृती कसोशीने गुप्त राखत. म्हणूनच चार्ल्स वूलनॉ या इंग्रज कारागिराने १८५३ साली आपल्या धंद्याची सारी कृती पुस्तकरूपाने उघड केली, ही मोठी घटना मानावी लागते. एक वर्षाने जेम्स समनरने काढलेल्या पुस्तिकेचे नावच ‘गूढ मार्बलकार’ अशा अर्थाचे आहे. कृती खुली झाली, तरी रंग पसरतो म्हणजे नेमके काय होते हे कारागिरालाही ठाऊक नव्हते.

त्याचे उत्तर शोधण्यात एका स्वयंपाकघराचा वाटा आहे, आणि या विषयाच्या संदर्भात तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरात राहणाऱ्या आग्नेस पॉकेल्स (१८६२ ते १९३५) यांना, त्या काळी स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद असल्याने, उच्च शिक्षण मिळाले नाही. घर सांभाळत असताना भांडी धुण्याच्या पाण्यावर तेलकटपणा आणि साबण यांचा काय परिणाम होतो हे त्यांनी पाहिले, आणि १८८० च्या सुमारास, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर असताना, पत्र्याचे एक उथळ पात्र आणि त्यावर सरकणारी पट्टी एवढ्या साधनाने पाण्याच्या पृष्ठावरील थराचे मापन सुरू केले. १८९१ साली त्यांनी आपले निष्कर्ष लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाला कळवले आणि त्याने ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकात छापवून आणले. पुढे अर्व्हिंग लँगम्युरने ज्या साधनाने पृष्ठावरील थरांचा अभ्यास केला आणि ज्या क्षेत्रातील कार्यासाठी त्याला १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्या साधनाचा मूळ आराखडा पॉकेल्सबाईंच्या पात्रात आहे. या अभ्यासाचा गाभा असा की पाण्याचे पृष्ठ ताणलेल्या पडद्यासारखे वागते. ज्याला पृष्ठताण म्हणतात ती ओढ पाण्यात मोठी असते, आणि कमी ओढ असलेला द्रव त्यावर पडला की भोवतालचे पाणी त्याला चहूकडून खेचून पसरवते. सुमीनागाशीतले शाईला दूर सारणारे द्रव्य काय, बैलाचे पित्त काय, दोघांचे काम ही ओढ कमी करण्याचे.

आता नखांकडे वळता येईल. नख रंगवण्याची जुनी भारतीय रीत मेंदीची आहे, परंतु मेंदीतील रंगद्रव्य नखात मुरते. त्याचा सुटा थर होत नाही, म्हणून ते पाण्यावरून उचलून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उचलण्यासाठी थर हवा, आणि तो थर स्फोटकांच्या शोधातून आला. १८४६ साली बाझल येथे ख्रिश्चन शॉनबाइन याने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनवले, ते प्रथम दारूगोळ्यासाठी नावाजले. हेच द्रव्य योग्य द्रावकात विरघळवून पसरले आणि द्रावक उडून गेला की मागे चिवट, पारदर्शक पापुद्रा उरतो, हे कळल्यावर ते जखमेवर लावायला, छायाचित्राच्या काचांवर आणि १९२० च्या दशकात मोटारींच्या रंगात आले. त्याच सुमारास द्रवरूप नेलपॉलिशचे युग सुरू झाले. अमेरिकेत कटेक्स आणि १९३२ पासून रेव्हलॉन यांनी ते घरोघरी नेले, तर भारतात १९५२ साली टाटांनी स्थापलेल्या लॅक्मेने.

नेलपॉलिशची बाटली उघडली की येणारा तीव्र वास इथाइल अॅसिटेट आणि ब्यूटाइल अॅसिटेट या द्रावकांचा असतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन आहे, तर या द्रावकांचा २५ च्या आसपास; त्यामुळे थेंब पाण्याला टेकताच झपाट्याने पसरतो आणि द्रावक उडू लागताच नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा धरू लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा नमुना ज्यावर बसवतात तो अतिशय पातळ पडदाही प्रयोगशाळांत याच रीतीने, पाण्यावर नायट्रोसेल्युलोजच्या द्रावणाचा थेंब सोडून केला जात असे. म्हणजे तुर्की कारागिराला डिंक आणि पित्त यांच्या प्रमाणासाठी जी दीर्घ उमेदवारी करावी लागे, ती येथे बाटलीतच भरून आलेली असते. शतकानुशतके बंद दारांआड राखलेली कला वाटी आणि टूथपिक यांवर कोणालाही साधावी, यामागील खरे कारण हे आहे.

मात्र बाटलीने जे दिले त्याची किंमत वेळेत घेतली. डिंकाच्या पाण्यावर एब्रूकार निवांतपणे फूल घडवू शकतो. वाटीतल्या पापुद्र्याची कड काही क्षणांतच आवळते, आणि मग सुई ओढली तर नक्षी होण्याऐवजी सगळा थरच गोळा होऊन येतो. घरच्या कृतीतले सारे बारकावे या घाईतून निघाले आहेत. पाणी थंड नको, खोलीच्या तापमानाचे हवे, नाहीतर रंग नीट पसरत नाही. बाटल्यांची झाकणे आधीच सैल करून ठेवावीत, थेंब पृष्ठाच्या अगदी जवळून सोडावा म्हणजे तो तळाला जात नाही, आणि जुनी, घट्ट झालेली बाटली घेऊ नये, कारण तिच्यातला द्रावक उडालेला असतो. सुई कडेच्या वाळलेल्या वर्तुळातून न ओढता आतल्या ओल्या वर्तुळापासून सुरू करावी. नखावर पांढरा रंग आधी देऊन वाळवलेला असला की पातळ थराचे रंग उजळ दिसतात. बोट बुडाले की ते पाण्यातच ठेवून वर उरलेला पापुद्रा टूथपिकने गुंडाळून काढतात. ही पायरी चुकली तर बोट बाहेर येताना तोच पापुद्रा नक्षीवर पुन्हा बसतो. दारूगोळ्याचे हे वारसदार द्रव्य आणि त्याचे द्रावक दोन्ही ज्वालाग्राही आहेत, तेव्हा ज्या ओट्यावर गॅस पेटलेला आहे तेथे हा उद्योग करू नये.

एका वाटीतली नक्षी साधारणपणे एकाच नखाला पुरते, दहा बोटांसाठी दहा वेळा नवे थेंब सोडावे लागतात, आणि प्रत्येक नख स्टर्नच्या पानाप्रमाणे निराळे निघते. विजापूरचा घोडा चारशे वर्षे कागदावर उभा आहे. नखावरचा पापुद्रा आठवड्याभरात कडेने सुटू लागतो. तो पुसण्यासाठी कापसाच्या बोळ्यावर जे अॅसिटोन किंवा इथाइल अॅसिटेट घेतात, ते त्या पापुद्र्याला पुन्हा द्रावणात नेते, आणि ज्या जातीच्या द्रवाने रंगाला पाण्यावर पसरवले होते त्याच जातीचा द्रव नख पुन्हा कोरे करतो.