संघाची जुळणी : असईच्या रणांगणापासून हातातल्या फोनपर्यंत



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘संघाची जुळणी’ एवढे दोनच शब्द कळविले. आमचा सारा जन्म कामगार चळवळीत गेला असल्यामुळे आम्ही संघटनेवर बोलणार, अशी त्यांची समजूत झाली. ती निम्मी खरी आहे. उरलेली निम्मी गोष्ट ऐकून काही वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतील, म्हणून ती आरंभीच सांगून टाकतो. आमची पोरे फोनवर आणि संगणकावर जे सांघिक खेळ खेळतात, त्यांतला संघ पारखायचा कसा, हे आम्ही उतारवयात शिकलो. ती विद्या किती जुनी आहे, हे आज सांगावयाचे आहे.

घनसावंगीत संध्याकाळी कोणत्याही कट्ट्यावर पाहा, चार पोरे चार फोनांत डोके घालून बसलेली असतात. नुसत्या गोळ्या झाडण्याचा हा पोरखेळ, असे आम्हीही मानीत होतो. एकदा सभेला माणसे जमेपर्यंत त्यांच्याशेजारी बसण्याचा योग आला. पोरे हरली होती आणि भांडत होती. भांडण नेमबाजीवरून नव्हतेच. “तिघेही पुढे धावणारे, मागे राहून सांभाळणार कोण?” असा एकाचा सवाल होता. आम्ही चमकलो. हाच सवाल संघटनेच्या कचेरीत आम्ही कितीतरी वेळा ऐकला होता, आणि वेळेवर ऐकला नाही म्हणून एकदा तोंडघशीही पडलो होतो. ती हकिगत पुढे येईल.

संघात किती माणसे आहेत हे मोजणे निराळे आणि ती एकमेकांना कशी लागू पडतात हे पाहणे निराळे. मोजदाद कोणालाही येते; जुळणी पाहायला शिकावे लागते. याचा मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात, उत्तरेला भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात, असई गावी 23 सप्टेंबर 1803 रोजी लिहिला गेला.

दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची एकत्र फौज केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उतरली होती. कवायती पायदळ दहा हजारांच्या घरात, घोडदळ त्याच्या कितीतरी पट, आणि तोफा शंभराच्या आसपास. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. त्याच्यापाशी कवायती सैन्य सुमारे साडेचार हजार, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे पाच हजारांच्या आसपास घोडेस्वार. कर्नल स्टीव्हन्सन याच्याशी बदनापूरला दोन दिवस आधी मसलत झाली होती. दोघांनी दोन वाटांनी येऊन मिळावे असे ठरले होते. तो येण्याआधीच शत्रूशी गाठ पडली. आकडे मांडून पैज लावली असती, तर शहाण्या माणसाने आपले पैसे मराठ्यांवर लावले असते.

लढाईचा निकाल उलटा लागला, आणि तो शौर्याच्या उणिवेमुळे लागला नाही. पायदळाचा नायक पोलमान हा हॅनोव्हरचा. शत्रूने केळणा ओलांडून बगलेवर रोख धरताच त्याने आपली सारी रांग काटकोनात फिरवली. हे काम कसलेल्या पलटणींनाच जमते. गोलंदाज तर तोफांपाशी मरेतो उभे राहिले, आणि शत्रू पुढे सरकल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेल्या काहींनी उठून पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी झालेले मिळून दीड हजारांवर गेले, म्हणजे कवायती सैन्यात दर तिघांमागे एक.

मग उणे काय पडले? ते भलेमोठे घोडदळ प्रत्यक्ष झुंजीत फारसे उतरलेच नाही. कवायती पायदळाची रीत निराळी, स्वारांची निराळी, आणि दोघांना एका वेळी हलवील असा हुकूम नाही. युद्ध जुंपताच कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतले इंग्रज अंमलदार फोडले होते, म्हणजे पलटणींची शिवण आधीच उसवलेली. तिसरे सरदार यशवंतराव होळकर आलेच नव्हते. उलट वेलस्लीने आपल्या पाच हजार स्वारांना नदीच्या दक्षिणेला ठेवून एकच काम दिले : समोरच्या घोडदळावर नजर ठेवा. ज्याला जे झेपेल ते, आणि तेवढेच. या विजयाचे कौतुक आम्हांला नाही. आमच्या मातीत ती हार झाली आहे. पण हरलेल्याने हिशेब मांडला नाही तर हार फुकट जाते.

रणांगणावरचा हा हिशेब आता मैदानावर आणू. कबड्डी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. सातजण अंगणात असतात. सातही चढाई करणारे घेतले तर पकड कोण करणार? कोपरे सांभाळणारे दोघे पाय धरतात, मधले आधाराला धावतात, आणि साखळी तुटली की गुण गेला. जाणता प्रेक्षक चढाईपटूच्या मांड्यांकडे पाहत नाही. कोपऱ्यावर कोण उभा आहे ते पाहतो. संगणकावरच्या खेळांत पाहण्याची हीच रीत आणखी बारकाईने वाढली.

त्यांचा इतिहास थोडक्यात असा. ‘वॉरक्राफ्ट 3’ हा विकाऊ खेळ होता. 2003 पासून हौशी खेळाडूंनी विनामोबदला त्याच्यावर ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’ नावाचा नवा खेळ रचला, पाचाविरुद्ध पाच. प्रत्येकाने अनेक पात्रांतून एक निवडायचे. स्पर्धांत पुढे अशी रीत पडली, की दोन्ही नायकांनी आळीपाळीने पात्रे निवडायची आणि समोरच्याची काही पात्रे बादही करायची. म्हणजे पहिला वार होण्याआधीच निम्मी लढाई निवडीत होऊन जाते. फुकट राबलेल्या या हौशी मंडळींच्या कल्पनेवर पुढे कंपन्यांनी गडगंज पैसा मिळविला, हेही आमच्यासारख्याने सांगितले पाहिजे.

2009 साली त्याच वळणाचा ‘लीग ऑफ लेजंड्स’ आला. 2011 च्या जूनमध्ये स्वीडनमधील योंशोपिंग येथे त्याचे पहिले जागतिक अजिंक्यपद झाले आणि युरोपचा ‘फ्नाटिक’ संघ जिंकला. युरोपच्या संघांनी माणसांची वाटणी एका ठरावीक रीतीने केली होती : एक वरच्या वाटेला, एक मधल्या, एक रानात, आणि दोघे खालच्या वाटेला. या दोघांतला एक सोने मिळवून बळकट होतो; दुसरा सोन्याला हातच लावीत नाही, तो जोडीदाराला जगवतो. त्याला ‘सपोर्ट’ म्हणतात. पुढे जगभर हीच वाटणी रूढ झाली.

हे ऐकून आम्हांला आमची ऊसतोड आठवली. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याचा अर्धा कोयता. एकजण ऊस तोडतो, दुसरा मोळी बांधतो आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहतो. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, आणि मोळी बांधणाऱ्या बाईचे नाव हिशेबात शोधावे लागते. ज्याने सोने उचलले त्याचेच नाव व्हायचे, ही रीत खेळानेही जगाकडूनच घेतली. जुळणी पाहायला शिकणे म्हणजे, आमच्या मते, मोळी बांधणारा दिसू लागणे.

आता शेवटची गोष्ट, जी आम्हांला सर्वांत प्रिय आहे. ‘ओव्हरवॉच’ या खेळात तेव्हा सहाजणांचा संघ असे. काही ढालीसारखे पुढे उभे राहणारे, काही मारा करणारे, काही जखमा भरणारे. 2018 साली ‘गोट्स’ नावाच्या एका संघाने मारा करणारे सगळेच वगळले आणि तीन ढाली व तीन वैद्य अशी जुळणी गाजवली. सहाजण घोळक्याने चालत. एकालाही एकटे गाठता येत नसे. तज्ज्ञांनाही यावर तोड सापडेना. त्याच 2018 साली व्यावसायिक लीगमध्ये ‘शांघाय ड्रॅगन्स’ हा संघ चाळीस सामने खेळला आणि चाळीसही हरला. पुढल्या हंगामात त्यांनी बहुतेक माणसे बदलली. आणि जुलै 2019 मध्ये, तिसऱ्या टप्प्याच्या अंतिम सामन्यात, बलाढ्य ‘सॅन फ्रान्सिस्को शॉक’ला हरविले. कशाने? तीन ढालींपुढे चौथी ढाल उभी करून नव्हे. त्यांनी तीन मारा करणारे घेतले : एक आकाशातून, एक लपून मागून, एक घोळक्याच्या मधोमध उडी घेणारा. घोळक्याचे बळ हेच त्याचे मर्म, हे त्यांनी ओळखले. त्याच महिन्यात चालकांनी नियम केला, की प्रत्येक संघात दोन ढाली, दोन मारा करणारे, दोन वैद्य असलेच पाहिजेत.

मग जुळणी पारखायची कशी? पोरांनी आम्हांला शिकविलेले चार प्रश्न असे. हा संघ जिंकणार कशाने? आरंभ कोण करणार? तो अडकला तर सोडवणार कोण? याचे बळ लवकर चढते की उशिरा? सामन्याआधी उत्तरे वहीत लिहायची. सामना संपल्यावर त्याचे चित्रण पुन्हा पाहून ताडा बांधायचा. आपण कुठे चुकलो तेही तिथेच लिहायचे. वही नसेल तर माणूस जिंकणाऱ्याला शहाणा ठरवून मोकळा होतो.

आमच्यापाशी तेव्हा ही वही नव्हती. तरुणपणी एका कारखान्याशी बोलणी करायला आम्ही पाचजणांची समिती निवडली. पाचही फर्डे वक्ते; सभा गाजविणारे. टेबलावर समोरच्यांनी हजेरीपट आणि पगारपत्रक पुढे सरकविले, आणि पाचांतल्या एकालाही ते नीट वाचता येईना. ते वाचणारा आमचा एक सोबती होता. बोलताना अडखळतो म्हणून आम्हीच त्याला वगळले होते. त्या कराराने माणसांचे जे नुकसान झाले, ते आम्ही विसरलेलो नाही. चूक समोरच्यांची नव्हती, आमच्या निवडीची होती. आम्ही पाच माणसे निवडली होती. संघ निवडलाच नव्हता.

वडीलधाऱ्यांची भीती आम्ही उडवून लावीत नाही. झोप, डोळे, अभ्यास यांची काळजी खरी आहे. पैसे लावून खेळणे तर निव्वळ जुगार. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्याने ते ऑनलाइन खेळ बंद केले आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत, 2023 साली, अशा खेळांना पदकेही होती. पण पोराच्या हातून फोन काढून घेण्याआधी एक प्रश्न विचारून पाहा : “तुमच्यात मागे राहून सांभाळतो कोण?” पोरगा नाव सांगेल, आणि बहुधा तुम्हांला बसवून घेऊन समजावूनही सांगेल. आम्हांला तर त्याने सांगितलेच. पुढच्या समितीची नावे काढताना आम्ही आधी तो अडखळणारा सोबती शोधू.