ऑस्बर्नच्या वाड्यातले उर्दूचे धडे

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. तिथे राणी व्हिक्टोरियाने 1845 मध्ये ऑस्बर्नची जागा विकत घेतली आणि पती आल्बर्टच्या कल्पनेप्रमाणे इटालियन धाटणीचा वाडा बांधवून घेतला. 22 जानेवारी 1901 रोजी ती इथेच वारली. मुलगा सातवा एडवर्ड याला वाड्याचा सोस नव्हता; 1902 मध्ये त्याने तो देशाला देऊन टाकला. आज तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो.

इतर दालनांतून आम्ही भराभर पुढे गेलो. पाय थबकले ते दरबार दालनात. पांढऱ्याशुभ्र नक्षीने भिंती नि छत भरून गेलेले, आतिशदानावर मोर. 1890-91 चे हे काम लाहोरच्या मेयो स्कूलचे भाई रामसिंग आणि लॉकवुड किपलिंग यांचे. किपलिंग त्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरचे कोरीव काम त्यांचेच. तेवढा अभिमान मुंबईकराने खुशाल बाळगावा.

शेजारच्या मार्गिकेत रुडॉल्फ स्वोबोडाने रंगवलेले हिंदी चेहरे आहेत. त्यांत आग्र्याच्या तुरुंगात हुन्नर शिकलेले, 1886 च्या लंडन प्रदर्शनात आणलेले कारागीर आहेत. आणि मुन्शी अब्दुल करीमही आहेत. तेही आग्र्याच्याच तुरुंगातले, पण कारकून. 1887 मध्ये राणीच्या मेजावर वाढायला म्हणून ते आले. थोड्याच दिवसांत अडुसष्ट वर्षांची राणी त्यांच्यापुढे बसून उर्दू गिरवू लागली. हा सबक तिने मरेपर्यंत सोडला नाही. आमच्या वर्गातली मुले चार दिवसांत कंटाळतात!

म्हणून राणीवर खूश व्हायचे का? त्याच उर्दूत गझला लिहिणाऱ्या बहादूरशाह जफर यांना 1858 मध्ये तिच्याच अमलात रंगूनला धाडले गेले होते. शागीर्द म्हणून ती मेहनती होती, एवढेच आम्ही म्हणू.

उस्तादांचे मात्र हाल झाले. दरबारी मंडळींना ते डोळ्यांत खुपत होते. राणी गेल्यावर एडवर्डच्या हुकुमाने तिची त्यांना आलेली पत्रे जाळण्यात आली आणि त्यांना हिंदुस्थानात परत पाठवण्यात आले. 1909 मध्ये आग्र्यात त्यांचे निधन झाले. राणीच्या उर्दूच्या वह्या तेवढ्या विंडसरला राहिल्या. मुन्शींचा रोजनामचा घरच्यांनी जपला. फाळणीनंतर तो त्यांच्याबरोबर कराचीला गेला आणि 2010 मध्ये श्राबणी बसू यांच्या हाती लागला.