पुन्हा जोडलेली नळी
आमच्याकडे बायका नुसतं ‘ऑपरेशन झालं’ म्हणाल्या, की कसलं ते विचारावं लागत नाही. आजीचं झालं, आईचं झालं, मावशीचंही झालं. त्यातून मागे फिरता येतं का, हा प्रश्न मला पडला तो २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीबद्दल वाचताना.

तमिळनाडूत सर्वांत मोठा तडाखा नागपट्टणम जिल्ह्याला बसला. कोळीवाड्यांतली मुलं वाहून गेली. त्यांच्यातल्या कित्येक आयांची नसबंदी आधीच झालेली होती. ज्या सरकारने कुटुंबनियोजनाचा आग्रह धरला, त्याच राज्य सरकारने आता नळ्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया मोफत करण्याची घोषणा केली.

देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२चा. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यात पुरुष जास्त होते. त्यावर लोक चिडले, सरकार पडलं आणि पुढे हा भार बायकांच्या अंगावर आला. या सगळ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत होती: झालेली मुलं जगणार.

नसबंदीने बीज तयार होणं थांबत नाही, फक्त त्याची वाट बंद होते. म्हणून दोन उपाय उरतात. पहिला, सूक्ष्मदर्शकाखाली नळीची टोकं जुळवून शिवणं. नळी किती शिल्लक आहे आणि बाईचं वय काय, यावर यश ठरतं. क्लिप किंवा रिंग लावलेली असेल तर नळीचं नुकसान कमी. जाळलेली असेल तर जास्त. जोडल्यावर गर्भ नळीतच राहण्याचा धोकाही वाढतो.

दुसरा उपाय नळीला वळसा घालणारा. २५ जुलै १९७८ला जन्मलेल्या लुईस ब्राउनच्या आईच्या नळ्या बंद होत्या. टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र मुळात अशाच बायकांसाठी घडलं. ६ ऑगस्ट १९८६ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांमुळे ते मुंबईच्या केईएममध्ये पोचलं. पण हा मार्ग खर्चिक, आणि बीजाचं वय त्यानेही मागे जात नाही.

गेल्या सुट्टीत मावशीला विचारलं, “पुन्हा जोडता येतं, हे तेव्हा कुणी सांगितलं होतं का गं?”

ती भाजी निवडत होती. म्हणाली, “दोन पुरे, एवढंच सांगितलेलं.”