पिल्टडाउनचा तुटलेला जबडा

मंडळी, कानांच्या जरा पुढे बोटं ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं टोक. कानशिलाच्या हाडात खालच्या बाजूला एक खोबण असते, त्यात ते बसतं. मध्ये एक मऊ चकती असते. तोंड मोठं उघडलं की टोक खोबणीतून निघून पुढच्या उंचवट्यावर येतं. माणसाची खोबण खोल आणि उंचवटा ठळक. चिंपांझी, ओरांगउटान यांची खोबण बरीच उथळ. म्हणून हा जबडा याच कवटीचा का, हे इथं लगेच कळतं.

१८ डिसेंबर १९१२ रोजी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे चार्ल्स डॉसन हे वकील आणि ब्रिटिश म्युझियमचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी ससेक्समधल्या पिल्टडाउनचे अवशेष मांडले. कवटी माणसाची, जबडा वानराचा, दाढा मात्र माणसासारख्या सपाट झिजलेल्या. कवटीच्या तुकड्यात खोबण शाबूत होती, अगदी माणसाची. आणि जबड्याचं टोक? नेमकं तेवढंच मोडलेलं!

फौजेत चौकशीला बसलं की काय सापडलं याआधी काय गायब आहे ते विचारायची सवय लागते. तिथंही विचारणारे होते. १९१३ मध्ये लंडनचे शरीरशास्त्रज्ञ डेव्हिड वॉटर्स्टन यांनी, १९१५ मध्ये अमेरिकेच्या गेरिट मिलर यांनी, दोन प्राणी एकत्र केलेत असं स्पष्ट सांगितलं. पण आधी मेंदू वाढला, मग बाकी बदललं, हे मत तेव्हा जोरात होतं. शिवाय आद्य मानव इंग्लंडचा, याचा अभिमान! याची झळ रेमंड डार्ट यांना बसली. १९२५ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगच्या बालकाची कवटी जाहीर केली, मेंदू लहान आणि दात माणसाकडे झुकणारे. खरा पुरावा तो होता, पण कित्येक वर्षं तो बाजूलाच पडला.

१९५३ मध्ये वायनर, ओकली आणि ल ग्रो क्लार्क यांनी बनाव उघड केला. जबडा ओरांगउटानचा, दाढा कानशीनं घासलेल्या, हाडं रंगवलेली.

डॉसन १९१६ मध्येच वारले होते. वुडवर्ड मात्र निवृत्तीनंतर त्याच भागात राहायला गेले आणि पिल्टडाउनची खडी उकरत राहिले. डॉसन गेल्यावर तिथं एकही हाड निघालं नाही.