घडीच्या होडीचें कडें

होड्यांच्या इतिहासांत शीड, सुकाणूं आणि वल्हें यांना मानाचें स्थान मिळत आलें आहे. पण एक होडी अशी आहे कीं, तिच्यांतला माणूस तरणार कीं बुडणार हें या तिहींपेक्षां तो ज्या भोंकांत बसतो त्या भोंकाच्या कांठावर अधिक अवलंबून असतें. ही होडी म्हणजे उत्तर ध्रुवाकडील लोकांची कयाक. आणि तिचीच युरोपांत वाढलेली लेक म्हणजे घडी घालून पिशवींत भरतां येणारी होडी.

ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरील इन्यूइट शिकारी समुद्रांतून वाहत आलेल्या लांकडाचा सांगाडा बांधीत आणि त्यावर सीलाचें कातडें शिवून ताणीत. होडीची वरची बाजूही कातड्यानेंच मिटलेली असे. मध्यें फक्त कमरेपुरतें भोंक, आणि त्याला वाकविलेल्या लांकडाचें कडें. हें कडें सांगाड्याला जखडलेलें नसे. कातड्याच्या ताणानें तें जागच्या जागीं धरलेलें असे, आणि पुढच्या अंगाला एका कमानदार आडव्या दांडीवर टेकलेलें असे. त्याच दांडीखालीं शिकाऱ्याच्या मांड्या घट्ट बसत. अंगांतल्या कातडी अंगरख्याची खालची कड तो या कड्यावरून ओढून दोरीनें आवळी. चेहऱ्याभोंवतीं व मनगटांभोंवतींही अंगरखा तसाच बांधलेला असे. मग होडी उलटली तरी आंत पाणी शिरत नसे, आणि वल्ह्याच्या एका फटकाऱ्यासरशीं तो पुन्हां वर येई. त्या गोठणाऱ्या पाण्यांत होडी सोडून पोहणें म्हणजे बहुधा मरणच. म्हणून बाहेर न पडतांच सांवरण्याची ही विद्या. कडें ज्याच्या त्याच्या कमरेचें माप घेऊन बनविलेलें असे. दुसऱ्याच्या जोड्यांत जसा पाय बसत नाहीं, तसा दुसऱ्याच्या कयाकींत माणूस बसत नसे.

या कड्याकडे अशीं दोन परस्परविरोधी कामें आलीं. त्यानें पाणी आंत येऊं देतां कामा नये, आणि सगळे उपाय हरले म्हणजे माणसाला मोकळें सोडलें पाहिजे. शिकाऱ्यानें हा पेच पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावानें सोडविला होता. युरोपांत तोच पेच एका वेगळ्याच गरजेमुळें नव्यानें उभा राहिला.

ती गरज आगगाडीची होती. १९०५ सालीं म्यूनिच येथें वास्तुशिल्प शिकणारा आल्फ्रेड हॉइरिख यानें बांबूचा सांगाडा व शिडाचें कापड यांची एक होडी केली, तिला ‘डेल्फिन’ असें नांव दिलें आणि ईझार नदींतून ती टोल्झहून म्यूनिचपर्यंत वल्हवीत आणली. डोंगरांतून धांवत येणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाला लांकडाची अखंड होडी नेणें म्हणजे बैलगाडीचें ओझें. ही होडी मात्र गांठोडें करून डब्यांत घेऊन बसतां येई. रोझेनहाइम गांवचा शिंपी योहान क्लेपर यानें १९०७ सालीं तिचे हक्क घेतले, आणि पुढें त्याच्या कारखान्याचें नांव या होडीशीं कायमचें जोडलें गेलें. धंदा शिंप्याच्या हातीं गेला हें योग्यच झालें, कारण ही होडी बरीचशी शिवणकामाचीच वस्तू आहे.

घडीची होडी कशी जुळवितात हें पाहिलें म्हणजे खरी अडचण ध्यानांत येते. आधीं रिकामी खोळ जमिनीवर पसरावयाची. मग सांगाड्याचा एक अर्धा भाग आंत सारून पुढच्या टोंकाकडे ढकलावयाचा, दुसरा मागच्या टोंकाकडे. आणि दोन्ही भाग मध्यें तरफेसारखे दाबून जोडले कीं खोळ ढोलाच्या कातड्यासारखी ताणली जाते. पण हे अर्धे सांगाडे आंत जाण्याला वाट एकच, ती म्हणजे बसण्याचें तोंड. तें शिकाऱ्याच्या कयाकीसारखें कमरेपुरतें ठेवलें तर सांगाडा आंत जाणार नाहीं. सांगाडा जाईल एवढें ठेवलें तर त्याच वाटेनें लाटही आंत येईल. ज्या गुणामुळें ही होडी पिशवींत मावते, त्याच गुणामुळें तिचें तोंड मोठें झालें. पुढील सुधारणांचें मूळ येथें आहे.

पहिला उपाय फळ्यांचा. तोंडाच्या दोन्ही बाजूंस पातळ उभ्या फळ्या बसवून त्या आंतल्या फासळ्यांना अडकविल्या, आणि पुढें त्यांची चोंच केली; तीवर लाट दुभंगून दोन्ही अंगांना जाऊं लागली. या फळ्यांनीं वरचें कापडही ताणून धरलें. दुसरा उपाय झांकणाचा. फळ्यांवरून ओढलेल्या जलरोधक कापडाला माणसाच्या कमरेशीं बांधतां येईल अशी बाही शिवली. पण कापड आणि लांकूड यांची मैत्री सोपी नव्हे. सुती कापड भिजलें कीं आंखडतें व वाळलें कीं सैल पडतें. लांकूड पाण्यानें फुगतें. म्हणून अडकवण्या, खिट्ट्या व आंकडे असे हवेत कीं, त्यांत थोडी ढील असावी, त्यांची धार कापडाला लागूं नये, आणि थंडीनें बधिर झालेल्या बोटांनींही ते हत्याराविना लागावेत व सुटावेत. झांकणाच्या पुढच्या कांठाचा फांसा बाहेर राहिला पाहिजे. तो ओढतांच झांकण सुटतें. घाईंत तो आंत दडपला गेला तर उलट्या होडींत लटकणाऱ्या माणसाला तो हाताला लागत नाहीं.

या होडीच्या पुढें मोठ्या कसोट्या झाल्या. १९२८ सालीं फ्रान्झ रोमर नांवाच्या जर्मन कप्तानानें घडीच्या होडींतून अटलांटिक ओलांडला. कॅनरी बेटांपासून सेंट थॉमसपर्यंत त्याला ५८ दिवस लागले. पुढच्या प्रवासांत मात्र तो समुद्रांत नाहींसा झाला. १९३२ सालीं उल्म येथून डॅन्यूब नदींत उतरलेला ओस्कार श्पेक इराणी आखातांतून कराचीस आला, आणि तेथून आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या कडेनें, म्हणजे कोंकणावरूनच, सिंहलद्वीपाकडे गेला. १९३९ सालीं तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस पोंचला, तेव्हां महायुद्ध पेटलेलें होतें. जर्मन म्हणून त्याला अटकेंत पडावें लागलें. अशा प्रवाशाला किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांतून पुनःपुन्हां होडी आणावी लागते. कोंकणांतल्या कोळ्याला तो क्षण सांगावयास नको. त्या क्षणीं तोंडावरचें झांकण हेंच सर्वस्व असतें.

१९४२ च्या डिसेंबरांत मेजर हॅस्लर यांच्या नेतृत्वाखालीं इंग्रज नौसैनिक ‘ट्यूना’ पाणबुडींतून बोर्दोवर निघाले. त्यांच्या होड्या मिटतां येणाऱ्या, कापडी बाजूंच्या होत्या. सहांपैकीं एक पाणबुडीच्या दारांतून बाहेर काढतांनाच फाटली. पांच होड्यांतून दहा जण गेले. भरतीच्या खवळलेल्या पाण्यांत एक होडी उलटली. तींतले दोघे बाहेर पडले खरे, पण थंडीनें गेले. सहा जणांना जर्मनांनीं पकडून ठार मारलें, आणि परत आले ते दोघेच. बाहेर पडतां येणें ही अर्धीच सुटका, हा धडा त्या उलटलेल्या होडीनें दिला.

उरलेली अर्धी सुटका कशी असते तें १९५६ सालीं जर्मन डॉक्टर हान्नेस लिंडेमान यानें दाखविलें. लास पालमासहून एकटा निघून तो घडीच्या होडींतून ७२ दिवसांनीं सेंट मार्टिन बेटावर पोंचला. वाटेंत रात्रीं होडी उलटली. पालथ्या होडीला धरून त्यानें रात्र काढली, उजाडल्यावर ती सुलट केली आणि पुन्हां तो आंत शिरला. अरुंद कड्यांत असें चढणें फार कठीण. रुंद तोंडाचा दोष अशा वेळीं उपयोगी पडतो.

पुढें लांकडाच्या जागीं ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या, सुती कापडाच्या जागीं कृत्रिम कापड आलें, आणि बाजूंना हवेच्या नळ्या बसूं लागल्या. तीं अंगें होडीला तरंगत ठेवूं लागलीं. पण तोंडाच्या प्रश्नाला जें उत्तर मिळालें तें अगदीं साधें आहे. कड्याच्या आंतून कापडाची एक पिशवी होडींत सोडतात, तिचें तोंड कड्याला घट्ट बसवितात, आणि माणूस त्या पिशवींत पाय घालून बसतो. मग झांकण सुटलें तरी पाणी पिशवीपुरतेंच शिरतें. उरलेली होडी कोरडी राहते, आणि बाहेर पडलेल्या माणसाला परत येण्याजोगी उरते. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यानें अंगरखा कड्याबाहेर बांधला. कारखानदारानें पिशवी कड्याच्या आंत टांगली. दोघांचा हिशेब एकच होता: पाणी आणि माणूस यांच्यामधली शींव कमरेपाशीं आंखावी, आणि ती माणसाच्या हातांनीं मोडतां यावी.